मूत्रमार्गाची राखण

मुलीच्या लघवीच्या रिपोर्टवर 'ई. कोलाय' असं लिहून आलं की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा जंतू आला कुठून? त्या प्रश्नामागे बहुतेक वेळा अपराधीपणा असतो. डायपर वेळेवर बदलला नसेल, शाळेच्या संडासातून काही लागलं असेल, आपलंच काहीतरी चुकलं असेल. दवाखान्यात गर्दी असते. औषध लिहून मिळतं, जोडीला 'स्वच्छता ठेवा' असा सल्ला मिळतो आणि तो अपराधीपणा आणखी पक्का होतो. खरं तर हा जंतू बहुधा तिच्याच आतड्यातला असतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच ई. कोलाय बाळाच्या आतड्यात वस्तीला येतात आणि तिथे ते बहुतांशी निरुपद्रवी असतात. शी आणि शूच्या जागा शेजारी असल्यामुळे ते मूत्रमार्गाच्या तोंडापाशी पुन्हा पुन्हा पोचत राहतात. घर कितीही स्वच्छ ठेवलं तरी हे थांबत नाही. म्हणून मला दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. इतक्या जवळ असलेला हा जंतू एरवी आत का शिरू शकत नाही? आणि ज्या वेळी शिरतो, त्या वेळी काय ढिलं पडलेलं असतं?

या जंतूचा शोधच मुळी एका बालरोगतज्ज्ञाने लावला. थिओडोर एशेरिश हे म्युनिकमध्ये तान्ह्या बाळांच्या शीचा अभ्यास करत होते. १८८५ मध्ये त्यांनी या जंतूचं वर्णन केलं आणि पुढे त्यांच्याच नावावरून त्याला नाव मिळालं. १८९४ मध्ये, ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात असताना, लहान मुलींच्या मूत्राशयाला येणारी सूज याच जंतूमुळे असते हेही त्यांनी मांडलं. आतड्यातला शेजारी आणि मूत्राशयातला उपद्रवी एकच आहे, हे तेव्हापासून माहीत आहे. आजही मुलांमधल्या या संसर्गांपैकी दहातले आठ-नऊ ई. कोलायमुळेच होतात.

हा त्रास दुर्मीळ नाही. स्वीडनमधल्या एका मोठ्या पाहणीत वयाच्या सातव्या वर्षापर्यंत साधारण ८ टक्के मुलींना आणि २ टक्के मुलग्यांना तो निदान एकदा तरी झालेला आढळला. आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत मात्र हे प्रमाण उलटं असतं, मुलग्यांना तो जास्त होतो. पुढे मुलींचं पारडं जड होतं, कारण त्यांची मूत्रनलिका जेमतेम काही सेंटिमीटरांची असते आणि जंतूला कापायचं अंतर थोडं असतं. पण याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहायला हवी. त्या पाहणीतल्या शंभरातल्या ब्याण्णव मुलींना सात वर्षांत एकदाही संसर्ग झाला नाही. अंतर तेवढंच, जंतू तेच, तरीही.

या बचावाचं सर्वांत मोठं श्रेय कुठल्या पेशीला किंवा रसायनाला नाही, ते वाहण्याला आहे. मूत्रपिंडांत थेंबाथेंबाने लघवी तयार होते, मूत्रवाहिन्या ती लाटेसारख्या आकुंचनांनी खाली ढकलतात, मूत्राशयात ती साठते आणि काही तासांनी वेगाने बाहेर पडते. लघवी ही जंतूंना न मानवणारी जागा आहे असं नाही. ती कोमट असते, तिच्यात जंतूंना लागणारे पदार्थ असतात आणि अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय अर्ध्या तासात एकाचे दोन होऊ शकतात. या वेगाने आठ तासांत एका जंतूचे ६५ हजारांहून जास्त होतील. म्हणजे शर्यत सरळ आहे: जंतू वाढण्याचा वेग एकीकडे, त्यांना धुऊन काढण्याचा वेग दुसरीकडे. जंतू थोडे असतानाच मूत्राशय रिकामं झालं तर शर्यत शरीर जिंकतं. लघवी दिवसभर तुंबून राहिली, किंवा दरवेळी थोडी मागे उरत गेली, तर ती जंतू जिंकतात.

हे केवळ कागदावरचं गणित नव्हे. १९६१ मध्ये अमेरिकेत कॉक्स आणि फ्रँक हिनमन या दोन मूत्ररोगतज्ज्ञांनी निरोगी प्रौढ स्वयंसेवकांच्या मूत्राशयात मुद्दाम जंतू सोडून पाहिले. कुठलंही औषध न देता दोन-तीन दिवसांत त्यांची मूत्राशयं जवळजवळ साफ झाली. निरोगी आणि पूर्ण रिकामं होणारं मूत्राशय जंतूंना सहजी थारा देत नाही, हे त्या प्रयोगातून ठसठशीतपणे पुढे आलं. हिनमन यांचं नाव लक्षात ठेवा, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे आणि तेव्हा गोष्ट लहान मुलांची आहे.

वाहण्याला दिशाही लागते. मूत्राशय आकसतं तेव्हा आतला दाब वाढतो आणि लघवीला दोन वाटा असतात, खाली बाहेर किंवा वर मूत्रपिंडाकडे. वरची वाट बंद राहते ती एका साध्या रचनेमुळे. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून सरळ आरपार शिरत नाही. ती तिरकी शिरते आणि काही अंतर भिंतीच्या आतल्या थरांमधून जाते. मूत्राशय भरत जातं तशी ही मऊ नळी, बागेतल्या रबरी पाइपवर पाय पडावा तशी, दाबली जाऊन मिटते. जितका दाब जास्त, तितकी ती घट्ट मिटते. काही मुलांमध्ये हा तिरका भाग जन्मतः आखूड असतो. मग लघवी उलटी वर चढते आणि मूत्राशयातले जंतूही तिच्याबरोबर जातात. ताप येणारा मूत्रसंसर्ग झालेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये असा उलटा प्रवाह सापडतो. दिलासा देणारी गोष्ट ही की मूल वाढतं तसा हा आखूड भागही लांबतो आणि सौम्य प्रकारच्या उलट्या प्रवाहाचा दोष पुष्कळदा आपोआप नाहीसा होतो. मूत्रपिंडाच्या आतही एक तटबंदी आहे. लघवी जिथून झिरपते त्या टोकांवरची छिद्रं बहुतेक ठिकाणी फटीसारखी तिरकी असतात आणि दाब वाढला की मिटतात. मूत्रपिंडाच्या वरच्या आणि खालच्या टोकांना मात्र काही छिद्रं सपाट, उघडी असतात. संसर्गानंतर मूत्रपिंडावर राहणारे व्रण याच टोकांना जास्त दिसतात, ते त्यामुळे.

आता आतल्या पृष्ठभागाकडे वळू. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात आणि त्यांच्या टोकाशी एक प्रथिन असतं, ते विशिष्ट शर्करेला चिकटतं. वाहत्या लघवीत वाहून न जाण्याची ही जंतूची युक्ती. मूत्राशयाच्या अस्तराच्या सर्वांत वरच्या पेशींवर, त्या छत्रीसारख्या पसरलेल्या असतात, नेमकी तीच शर्करा असते. तिथे पकड बसली की जंतू पेशीच्या आतही शिरतो. अशा वेळी अस्तर जे करतं ते थक्क करणारं आहे. एरवी या पेशी अतिशय सावकाश, महिनोन्‌महिन्यांनी बदलतात. जंतू आत शिरला की त्या काही तासांतच स्वतःहून सुटतात आणि पोटातल्या जंतूसकट लघवीबरोबर बाहेर पडतात. खालच्या पेशी भराभर वाढून त्यांची जागा घेतात. मूल लघवी करताना कळवळतं आणि त्याला सारखी लघवीची घाई होते, त्यामागे या सगळ्या उलथापालथीचा वाटा असतो.

पण शरीराची यापेक्षाही हुशार व्यवस्था लघवीतच तरंगत असते. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल हे दोन शास्त्रज्ञ विषाणूंवर काम करत होते. विषाणूला रक्तपेशींशी चिकटू न देणारा एक पदार्थ त्यांना निरोगी माणसाच्या लघवीत सापडला. आज त्याला युरोमोड्युलिन म्हणतात. ते मूत्रपिंडात तयार होतं. निरोगी लघवीत इतर कुठल्याही प्रथिनापेक्षा तेच जास्त असतं, प्रौढ माणसात दिवसाला साधारण ५० मिलिग्रॅम. एवढं प्रथिन शरीर रोज बाहेर का टाकतं हे कोडं अनेक दशकं सुटलं नव्हतं. २००४ मध्ये, हे प्रथिन बनवू न शकणाऱ्या उंदरांना मूत्रसंसर्ग लवकर होतो असं दिसलं. आणि २०२० मध्ये झुरिचच्या शास्त्रज्ञांनी अतिथंड अवस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचं रूपच पाहिलं. युरोमोड्युलिनचे रेणू एकमेकांत गुंफून लांब धागे बनतात आणि धाग्यांच्या दोन्ही बाजूंना आडव्या शाखा असतात. त्या शाखांवर जंतूला हवी असलेली शर्करा टांगलेली असते. जंतू मूत्राशयाच्या भिंतीऐवजी या धाग्यांनाच चिकटतो. मग दुसरा जंतू, मग तिसरा, असा त्यांचा पुंजका होतो आणि तो पुढच्या लघवीबरोबर बाहेर जातो. संसर्ग झालेल्या मुलांच्या लघवीचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतही जंतू या धाग्यांत गुरफटलेले दिसले. जंतूला न मारता त्याच्या पकडीचाच उपयोग करून त्याला बाहेर नेणारी ही रचना, संपूर्ण मूत्रसंस्थेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे. आणि तीही शेवटी वाहण्यावरच अवलंबून आहे. पुंजका झाला, पण मुलाने लघवी रोखूनच धरली, तर काय उपयोग?

मारणारी रसायनंही आहेत. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत २००६ मध्ये असं आढळलं की जंतूचा स्पर्श झाल्यावर काही मिनिटांतच मूत्रमार्गाच्या पेशी कॅथेलिसिडिन नावाचं, जंतूंची आवरणं फाडणारं द्रव्य सोडतात. पांढऱ्या पेशी रक्तातून धावत येईपर्यंत किल्ला हेच द्रव्य लढवतं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस इथल्या मुलांच्या रुग्णालयात याच जातीच्या दुसऱ्या एका प्रथिनावर बरंच काम झालं आहे. ते निरोगी लघवीतही सतत थोड्या प्रमाणात असतं. तिसरं एक प्रथिन जंतूची उपासमार करतं. वाढायला जंतूंना लोह लागतं आणि ते गोळा करायला ते लोहाला पकडणारे रेणू सोडतात. हे प्रथिन ते रेणूच अडवून ठेवतं. मूत्रमार्गात मुरलेल्या ई. कोलायनी याच्यावरही तोड काढली आहे. ते लोह पकडण्यासाठी असे वेगळे रेणू वापरतात जे या प्रथिनाच्या हाती लागत नाहीत. जंतू आणि शरीर यांचा हा झगडा फार जुना आहे.

पांढऱ्या पेशी आल्या की लघवीच्या तपासणीत 'पस सेल्स' दिसतात. पालक त्या शब्दाने घाबरतात, पण त्या पेशी म्हणजे शरीर जागं झाल्याची खूण आहे. हे जागं होणं प्रत्येक मुलात सारखं नसतं. स्वीडनमधल्या लुंड इथल्या कॅथरीना स्वानबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. काही मुलांच्या पेशींवर जंतूची चाहूल घेणारं एक प्रथिन कमी असतं. त्यांच्या मूत्राशयात जंतू राहतात, पण ना ताप, ना जळजळ. उलट, काही मुलांमध्ये पांढऱ्या पेशींना बोलावणारा निरोप नीट पोचत नाही. त्यांना मूत्रपिंडापर्यंत जाणारा संसर्ग वारंवार होतो. एका स्वीडिश शाळकरी मुलीच्या मूत्राशयात ई. कोलायचा एक वाण तीन वर्षं काही त्रास न देता राहिला होता. पुढे तोच निरुपद्रवी वाण, वारंवार संसर्ग होणाऱ्या प्रौढ रुग्णांच्या मूत्राशयात मुद्दाम सोडून, उपद्रवी जंतूंना जागा मिळू न देण्याचे प्रयोग झाले. म्हणूनच मुलाला काहीही त्रास नसताना, शाळाप्रवेशाची किंवा अशीच काही तपासणी म्हणून केलेल्या कल्चरमध्ये जंतू सापडले, तर त्यासाठी प्रतिजैविक देऊ नये असं आज मानलं जातं. गुण्यागोविंदाने राहणारा वाण हटवला की रिकाम्या जागेवर आडदांड वाण येण्याची भीती असते.

बाळाला काही संरक्षण आईकडून मिळतं. अंगावरच्या दुधातली प्रतिपिंडं, लोह धरून ठेवणारं लॅक्टोफेरिन आणि विशिष्ट शर्करा बाळाच्या आतड्यातली जंतूंची वस्ती बदलतात, काही घटक लघवीतही उतरतात. गोथेनबर्गमधल्या अभ्यासात अंगावर पिणाऱ्या बाळांना मूत्रसंसर्ग कमी झाल्याचं दिसलं आणि दूध तोडल्यानंतरही काही काळ तो फायदा टिकला. अनावश्यक प्रतिजैविकं मात्र हीच वस्ती उद्ध्वस्त करतात. सर्दी-खोकल्यासाठी उगाच दिलेल्या औषधाचा परिणाम मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेल्या जंतूंवरही होतो, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता हिनमन यांच्याकडे परत येऊ. १९७३ मध्ये त्यांनी आणि बाउमन यांनी काही मुलग्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. या मुलांच्या मज्जातंतूंत दोष नव्हता, मार्गात कुठे अडथळा नव्हता, तरी त्यांची मूत्राशयं आणि मूत्रवाहिन्या खराब झाल्या होत्या. कारण होतं लघवी करण्याची चुकीची सवय. लघवी रोखून धरणं आणि करतानाही खालचे स्नायू सैल न सोडणं. त्याचं ते टोकाचं रूप होतं. सौम्य रूप आपल्या घराघरांत आहे. पाय एकमेकांवर दाबून नाचणारी, टाचेवर बसून राहणारी, खेळ सोडवत नाही म्हणून शेवटच्या क्षणी पळणारी मुलं आपण रोज पाहतो आणि 'आळशी आहे' म्हणून सोडून देतो.

याचा जोडीदार म्हणजे बद्धकोष्ठता. मलाशय आणि मूत्राशय एकमेकांना खेटून असतात. शीचा खडा साचून राहिला की तो मूत्राशयावर दाब देतो, ते पूर्ण रिकामं होत नाही आणि खालचे स्नायूही कायम आवळलेले राहतात. १९९७ मध्ये अमेरिकेत आयोवा इथे बद्धकोष्ठता असलेल्या मुलांचा अभ्यास झाला. पोट नीट साफ होऊ लागल्यावर, ज्यांच्या मूत्रमार्गात रचनेचा दोष नव्हता त्या मुलांचे वारंवार होणारे मूत्रसंसर्ग थांबले. वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलाला प्रत्येक वेळी नवं प्रतिजैविक मिळतं, पण 'शी रोज होते का, कडक होते का?' हे विचारलंच जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६०७ मुलांच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत, उलटा प्रवाह असलेल्या मुलांना दोन वर्षं रोज प्रतिजैविक दिल्यावर संसर्ग निम्म्याने कमी झाले, पण मूत्रपिंडावरच्या व्रणांच्या प्रमाणात फरक पडला नाही आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढले. काही मुलांना ते औषध लागतंच, आणि तो निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. पण मूत्राशय आणि आतडी नीट रिकामी करण्याला पर्याय म्हणून ते वापरता येत नाही.

घरी करायच्या गोष्टी साध्या आहेत. दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवणं, घाई न करता पूर्ण होऊ देणं, पुरेसं पाणी, जेवणात भाकरी-भाजी-फळं, मुलींना पुढून मागे धुण्याची सवय. कमोडवर बसलेल्या लहान मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खालचे स्नायू सैल पडत नाहीत, म्हणून पायाखाली पाट किंवा स्टूल द्यावं. उन्हाळी लागली म्हणून सब्जाचं किंवा धण्याचं पाणी देतात, त्याने लघवी वाढते आणि ते चांगलंच आहे. पण ताप असेल, पाठीत किंवा पोटात दुखत असेल, उलट्या होत असतील, तर त्या पाण्यावर दिवस घालवू नयेत. मूत्रपिंडाच्या संसर्गात औषधाला दोन-तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तर व्रण राहण्याचा धोका वाढतो. दोन वर्षांखालचं मूल 'शूला जळजळतं' असं सांगू शकत नाही. त्याला नुसता ताप येतो, ते दूध पीत नाही, किरकिर करतं. तापाचं दुसरं कारण सापडत नसेल तर लघवीची तपासणी मागून घ्यावी, आणि तीही प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी. चिकटवायच्या पिशवीतला नमुना कल्चरसाठी भरवशाचा नसतो. बाळाच्या ओटीपोटावर गार पाण्यात भिजवलेल्या कापडाने हळुवार चोळलं तर काही बाळं लवकर शू करतात आणि मधल्या धारेचा स्वच्छ नमुना मिळतो. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये हे पडताळून पाहिलं आहे.

मात्र दिवसातले सहा-सात तास मूल शाळेत असतं आणि तिथे आईवडिलांचं काही चालत नाही. संडासाला कडी नसते, पाणी नसतं, वास असतो, तासाच्या मधे विचारलं तर बाई रागावतात. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि घरी येईपर्यंत लघवी रोखून धरतात. युरोमोड्युलिनचे धागे, छत्रीसारख्या पेशी, कॅथेलिसिडिन, या सगळ्यांचं काम अशा वेळी अर्ध्यावर थांबतं. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये दिवसातून ठरावीक वेळी सगळ्या मुलांनी पाणी प्यावं म्हणून वेगळी घंटा सुरू केली. ती आपल्याकडेही प्रत्येक शाळेत वाजायला हवी, पण पाण्याच्या घंटेला अर्थ यायला लघवीला जाता येण्याजोगी जागा हवी. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा गुणपत्रिका बघण्याआधी मुलींचं स्वच्छतागृह बघून या. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, एका संडासामागे रांग किती लांब आहे ते पाहा, आणि तासाच्या मधे लघवीला जाऊ देण्याचा नियम मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या.